रंग सांग, हमादी

मशामू मामाला बोटीवर बोलावायचं म्हणजे विकतचं दुखणं. सख्खा मामा, आईच्या पाठचा भाऊ, म्हणून मी ऐकून घेतो. दुसरा कोणी असता तर कधीच सांगितलं असतं की बाबा रे, तू घरी बस, तुझी ती हातोडी घरी ठेव आणि मला माझी बोट चालवू दे. पण सांगणार कोणत्या तोंडाने? आमचं वासिनी बेट आणि समोरच्या किनाऱ्यावरचं शिमोनी गाव धरून बोटीच्या तळातल्या तोट्या कळणारा माणूस हा एकटाच. आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे, तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

आमच्या बापजाद्यांच्या शिडाच्या होड्यांना तळात एकही भोक नसायचं. पाणी आत आलं की डब्याने उपसायचं, वर्षातून दोनदा तळाला चुना आणि चरबी फासायची, झालं काम. माझी ‘झुहुरा’ तशी नाही. कोणा गोऱ्याने मासे धरायच्या हौसेसाठी ती बांधून घेतली, माझ्या जन्माच्याही आधी. लाकडी, छपराची, इंजिनाची. गोरा गेला, मधे एक मालक झाला, मग ती माझ्या बापाकडे आली आणि आता माझ्या गळ्यात आहे. तिच्या तळात पाण्याखाली चार भोकं आहेत. एकातून इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एक गोऱ्याच्या संडासाचं, आणि दोनांतून आतलं पाणी बाहेर टाकायचं. प्रत्येक भोकात धातूची तोटी, तिला आतून रबरी नळी, आणि दांडी फिरवली की तोटी बंद. आता तुम्हीच सांगा, चांगल्या बोटीच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक, आणि सगळ्यांचा जीव त्या मूठभर धातूवर! तोटी तुटली तर भात शिजेपर्यंत बोट तळाला जाते.

मामाला या तोट्यांचं वेड लागलं ते अठराव्या वर्षी. त्या गोऱ्याच्या याच बोटीवर तो मासे साफ करायला लागला होता. अंगाने काडी. इंजिनाच्या खालच्या खोबणीत दुसऱ्या कोणाचे खांदे मावत नसत, म्हणून तिथला मिस्त्री याला पाय धरून आत ढकलायचा आणि वरून ओरडून सांगायचा, हे पीळ, ते सोडव. तेव्हापासून चाळीस-बेचाळीस वर्षं मामा एक तर उताणा असतो नाहीतर पालथा. मामी वैतागून म्हणायची, ह्यांचं तोंड बघायचं तर मला बोटीखाली शिरावं लागतं. ती गेली. मूलबाळ नाही. आता मामा एकटाच मशिदीमागच्या खोलीत राहतो आणि त्याच्या खाटेखाली एक गोणी आहे. आयुष्यात त्याने ज्या ज्या तोट्या नापास केल्या त्या सगळ्या त्या गोणीत. कोणी कुरकुर केली की गोणीत हात घालून एक काढायचा आणि समोरच्याच्या मांडीवर आपटायचा, “हिने बुडवला असता तुला!”

त्याचं शास्त्र दोन वाक्यांचं आहे. कांसं समुद्रात टिकतं, पितळ मरतं. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं आणि मागे नुसती तांब्याची चाळणी उरते. तोटी दिसायला तेवढीच जाड, पण आतून भुसा. ओळखायचं कसं? हातोडीने ठोकायची, चांगली टण्ण वाजते, मेलेली मडक्यासारखी बद्द. आणि सुरीने खरवडायची. पिवळं निघालं तर जिवंत, गुलाबी निघालं तर मेलेली. एवढं सांगायला मामाला अर्धा दिवस लागतो, कारण मधे मधे तुम्ही किती गाढव आहात तेही सांगायचं असतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली झैनाबू बाळंतपणाला माहेरी आली होती. जुळं होतं. नर्सबाईंनी बजावलं, शनिवारच्या आत हिला पलीकडे मोठ्या इस्पितळात नेऊन ठेवा, इथे बेटावर हे प्रकरण झेपायचं नाही. दिवस दक्षिणेच्या वाऱ्याचे. खाडीत लाटा उसळत होत्या आणि बाकीच्या सगळ्या होड्या उघड्या, ताडपत्रीसुद्धा धड नाही. आडवं होता येईल अशी बोट एकच, ती माझी. आणि झुहुराच्या तोट्या त्या वर्षी बघितल्याच नव्हत्या. बोट वाळूवर चढवून कोरडी करायची ती उधाणाच्या मोठ्या भरतीलाच, आणि ते येतं पंधरा दिवसांनी. एका उधाणाला मामाने कंबर धरली, पुढच्या उधाणाला म्हणाला आभाळ आहे, उजेड नाही. “उजेड कशाला हवा, तू काय कुराण वाचणार आहेस बोटीखाली?” असं मी म्हणालोसुद्धा. आता मात्र म्हातारा अडून बसला. तोट्या बघितल्याशिवाय पोरीला त्या बोटीत पाय ठेवू देणार नाही.

“शुक्रवारी सकाळी निघायचंय, मामा! बोट कोरडी कधी करू?”

“गुरुवारी कर. गुरुवारी उधाण आहे.”

“गुरुवार शेवटचा दिवस आहे! त्या दुपारच्या भरतीला बोट उठली नाही तर पुढचे पंधरा दिवस वाळूत बसेल. पोरीला काय पाठीवर घेऊन पोहू?”

“मग वेळेत उठव,” मामा म्हणाला आणि वाटाण्याच्या अक्षता लावून निघून गेला. माझी बायको तिमा, तीही त्याच्याच बाजूने. मामा म्हणतायत तर बघून घ्या ना एकदा, म्हणे. घरात कोणी माझ्या बाजूने असल्याचं मला तरी आठवत नाही.

गुरुवारी पहाटेच्या भरतीला आम्ही झुहुरा वाळूवर घेतली. मी आणि चेंगो. चेंगो माझा खलाशी, तीस-बत्तिशीचा, कामाला वाघ, बोलायला अघळपघळ. दोन्ही बाजूंना टेकू दिले आणि आठ वाजता पाणी तिच्या बुडाखालून निघून गेलं. सहा तास हातात. सातला येतो म्हणालेला मामा नऊला उगवला, काठी टेकत, एकेक पाऊल चाचपत, डोक्यावर टोपली.

“सात म्हणाला होतास!” मी म्हटलं.

“सातला इथे पाणी होतं. पोहत पोहत ठोकू काय?”

“पाणी आठला गेलं.”

“मग आता आलोय ना? बोलण्यातच वेळ घालव तू. हातोडी दे.”

पहिली घेतली ती संडासाची तोटी. मामा बोटीत उतरला, फळ्या चाचपत खाली बसला, दोनदा ठोकलं, सुरीने वरवर खरवडलं आणि म्हणाला, “चेंगो, इकडे ये. रंग सांग.”

चेंगोने वाकून पाहिलं. “गुलाबी दिसतोय, मामा.”

“गुलाबी? ही तर गोऱ्याची कांशाची तोटी. नीट बघ.”

“नीटच बघतोय. गुलाबी.”

मामाने पुन्हा ठोकलं. टण्ण वाजलं. डोकं खाजवलं. “वाजतेय तर चांगली. काढ खाली.”

मी उखडलो. “वाजतेय चांगली तर काढायची कशाला? तू बघ ना स्वतः! डोळे दिलेत ना अल्लाने?”

“मी चाळीस वर्षं बघतोय. आता तुम्ही शिका. मी मेल्यावर काय माझ्या थडग्यावर येऊन विचारणार? काढ म्हणतो ना!”

काढली. काय सांगू! पन्नास वर्षांचा नट. पाना घसरून माझी बोटं सोलली, चेंगोच्या कपाळाला टेंगूळ आलं. तेल ओतलं, ठोकलं, शिव्या दिल्या, पुन्हा तेल ओतलं. साडेअकरा वाजता ती बया हातात आली. मी तिच्यावर कानस मारली आणि उन्हात धरली. आत अस्सल पिवळं, सोन्यासारखं! गुलाबी फक्त वरचा पापुद्रा, नखाइतकाही जाड नाही.

“मामा, ही तर ठणठणीत आहे! अडीच तास गेले माझे!”

मामाने तोटी हातात घेतली, नाकाजवळ नेली, उलटसुलट केली. “आतून काय रंग म्हणालास?”

“पिवळा! किती वेळा सांगू?”

“आणि वरून गुलाबी. असं कसं होईल?”

तेव्हा चेंगो मान खाजवत पुटपुटला, “चिंच असेल, मामा.”

“कसली चिंच?”

“वहिनींनी काल चिंचेचा गोळा दिला होता. म्हणाल्या, मामा येणार आहेत, तोट्या कळकट दिसल्या तर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू राहील, जरा घासून ठेव. चारही लख्ख घासल्यात मी.”

आमच्या बेटावर ईद आली की घरातली सगळी कॉफीची भांडी, तबकं चिंचेने घासतात. पितळेला चिंच लागली की वर तांबूस झाक येते, हे आमच्या शेंबड्या पोराला माहीत. पण बोटीच्या तोटीला चिंच! हे आमच्याच घरात होऊ जाणे. मामा असा काही तापला की विचारू नका.

“मी काय पाहुणा आलोय? तबक मांडायला आलोय इथे? अरे, रंग हीच माझी खूण, तीच पुसून टाकलीत! बायकांनी चूल सोडून बोटीत हात घालायचा कशाला?”

तिमा जेवणाची टोपली घेऊन वाळूवरून येतच होती. तिने ऐकलं. “पितळेला चिंच नाही लावायची तर काय केळं लावायचं, मामा? दर वर्षी तुम्हीच ओरडता, घाण तोट्या, घाण तोट्या!”

“तोटीला शेवाळ नको म्हणतो मी! तोटीचा मेकअप करा म्हणत नाही!”

चेंगो फिदीफिदी हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथेच आटलं.

बरं, निदान निघालेली तोटी परत बसवून मोकळं व्हावं की नाही? नाही. मामा म्हणाला, संडास काढून वीस वर्षं झाली, मग ते भोक कशाला पोसतोयस? आणि बसला लाकूड तासत. पांगाऱ्याचं मऊ लाकूड तो टोपलीत बाळगतोच. त्याचं बूच ठोकलं की पाण्याने फुगून घट्ट बसतं. बूच घातलं, शार्कच्या तेलात भिजवलेला कापूस भरला, वरून तांब्याचा पत्रा मारला. हात असे चालतात त्याचे, की बघत राहावं. डोळे मिटून काम केल्यासारखा बोटांनीच सगळं करतो. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायच्या ऐवजी चीड येत होती. निघालेली तोटी त्याने फडक्यात गुंडाळून टोपलीत टाकली. कांसं आहे, टाकू नको, म्हणाला.

दुसरी आणि तिसरी तोटी बरी गेली. मामा सांगेल तशी मी खोल कानस मारत होतो. “रंग सांग, हमादी.” पिवळा. “खालच्या बाजूने?” पिवळा. “सांध्यात?” अरे पिवळा, पिवळा. तो ठोकायचा, ऐकायचा, पुन्हा ठोकायचा. तोवर दीड वाजला आणि दूर रेतीवर पाण्याची रेघ दिसायला लागली.

चौथी तोटी इंजिनाची. ही मधल्या मालकाने बसवलेली, हार्डवेअरच्या दुकानातलं पितळ. गेल्या वर्षीच मामा म्हणाला होता, हिच्यावर नजर ठेव. बसलीय ती इंजिनाच्या खाली, त्याच खोबणीत. मामाचे खांदे आता तिथे जात नाहीत. मी कसाबसा घुसलो. अंधार, ग्रीसचा चिखल, मानेवर इंजिनाचा नट रुततोय. मामा बाहेर बोटीखाली आडवा होऊन तोटीच्या बाहेरच्या तोंडावर ठोकत होता.

“आवाज बसका वाटतोय रे,” खालून मामा म्हणाला.

“इथे तोटीखालचं लाकूड जाड आहे, म्हणून.”

“कानस मारलीस?”

कानस मागे राहिली होती, तिसऱ्या तोटीपाशी. ती आणायची म्हणजे पुन्हा मागे सरपटत जायचं, पुन्हा घुसायचं. मी नखाने खरवडलं. तोटी गुलाबी दिसत होती. चिंच, मी मनात म्हटलं. चारही घासल्यात ना त्या शहाण्याने.

“मारली,” मी म्हणालो.

“रंग सांग.”

“पिवळा.”

“नक्की? नीट बघ हां. ही दुकानातली आहे.”

“हो रे बाबा! हळदीसारखा पिवळा! सही करून देऊ? पाणी यायला लागलंय, मामा!”

खालून आणखी एक ठोका आला. मग मामा म्हणाला, “बरं. तुझ्या शब्दावर.” आणि तो बोटीखालून बाहेर सरकला.

सगळं आवरून आम्ही वाळूवर बसलो. पाणी यायला अजून थोडा अवकाश होता. तिमाने आल्याची कॉफी ओतली, तळलेल्या फुगीर पावांची माहामरी आणि नारळाच्या रसातली तूर वाढली. झैनाबू पोटावर हात धरून डुलत डुलत आली आणि तिने दोन नवे कांगे, आमच्या बायका नेसतात ती सुती वस्त्रं, मामाच्या मांडीवर टाकले. इस्पितळात जाताना कुठला नेसू, याचा घोळ सकाळपासून घरात चालला होता. एक फिकट गुलाबी, एक पिवळा.

“मामाआजोबा, तुम्ही सांगा. दोघांतला कुठला?”

मामाने दोन्ही कांगे उचलले, कापड बोटांत चोळलं, डोळ्यांजवळ नेलं. “एकाच रंगाचे दोन कशाला घेतलेस गं?” तो म्हणाला.

सगळे हसले. तिमा हसली, झैनाबू पोट धरून हसली. म्हाताऱ्याचा तिरकसपणा सगळ्यांना ठाऊक. मीही हसलो. पण मामा हसत नव्हता. तो खरंच कांगे बघत होता, एकदा हा, एकदा तो, आणि त्याला कळत नव्हतं आपण काय विनोद केला ते. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

उजेड नाही म्हणून न येणारा मामा. वाळूवर चाचपत टाकलेली पावलं. चेंगो, रंग सांग. हमादी, रंग सांग. चिंचेने चारही तोट्या गुलाबी झाल्या होत्या, पहिल्या तोटीला सुरी लावताच त्याने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण त्याला दिसलंच नाही. मला वाटत होतं तो आमची परीक्षा घेतोय. आणि चौथी तोटी पास कोणी केली? मामाने? त्याने कुठे, मी केली. नखाने.

मी ताट तिथेच टाकून पळालो. चेंगोला ओरडलो, कानस आण! पाणी बोटीच्या कण्याला लागलं होतं. ढोपरं सोलत खोबणीत घुसलो आणि कानस मारली. गुलाबी. अजून खोल मारली. गुलाबी. सुरीचं टोक टेकवलं तर ते शिळ्या वडीत शिरावं तसं आत शिरलं. पाना लावून जरा पिळलं आणि तोटी माझ्या हातात आली, अर्धी. अर्धी नळीला लटकत राहिली. भोकातून खालचं चकाकतं पाणी दिसत होतं. माझ्या तळहातावर विटेचा चुरा पडावा तसा चुरा होता. ह्याच्यावर मी उद्या माझ्या पोरीला खाडीत घेऊन जाणार होतो.

बाहेर आलो तर मामा पाण्यात उभा, सगळे त्याच्या मागे. मी चुरा त्याच्या हातावर ओतला. त्याने बोटांनी चोळला.

“गुलाबी?” त्याने विचारलं.

“गुलाबी.”

“किती आत?”

“आरपार.”

“मग मघाशी पिवळा कोणी सांगितलं?”

आता इथे माणसाने खाली मान घालावी की नाही? मी उलटा भडकलो. लाज वाटली की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड. “तुला दिसत नाही हे तू सांगितलं का नाहीस? डोळे गेलेत तुझे! वर्षभर आम्हाला गाढव म्हणून नाचवतोयस! माझी पोर बुडाली असती!”

सगळ्यांसमोर बोललो हे. तिमाने तोंडावर हात घेतला. मामाचा चेहरा एवढासा झाला, पण आवाज चढला नाही.

“सांगितलं असतं तर बोलावलं असतंस मला?”

 महिनाभरापूर्वीच मी तिमाला म्हणालो होतो, म्हाताऱ्याचा त्रास नको, शिमोनीच्या त्या गॅरेजवाल्याला आणू.

“दिवसभर मी तुझ्याकडे दुसरं काय मागत होतो, हमादी?” मामा म्हणाला. “डोळेच मागत होतो ना?”

मी हाताला चिकटलेला चुरा पाण्यात धुतला.

“आता भोकाकडे बघ,” मामा म्हणाला. “टोपलीतली कांशाची तोटी काढ. चेंगो, कापूस आण, तेल आण. गोऱ्याने चारही भोकं एका मापाची पाडलीत, अल्ला त्याचं भलं करो.”

माझे अडीच तास खाऊन निघालेली, ज्यासाठी मी दोन पिढ्यांचा उद्धार केला होता, ती तोटी. मामा म्हणाला म्हणून फडक्यात होती, नाहीतर मी केव्हाच परत बसवून ठोकून टाकली असती. चेंगो पाण्यात आडवा झाला आणि तोटीचं तोंड त्याने खालून दाबून धरलं. मी खोबणीत, नट फिरवायला. मामाने खालून बोट घालून कापूस भरला, चाचपला, उपसला, पुन्हा भरला. पाणी चेंगोच्या हनुवटीला लागलं.

“मामा, लवकर!” तो ओरडला.

“खाऱ्या पाण्याने कोणी मेलं नाही. हलू नको. हमादी, पीळ. अजून पाव. अजून जरासं. बस! पाणी येतंय का आत?”

मी बोट फिरवलं. “नाही.”

“बोटाने बघितलंस की नुसतं तोंडाने सांगतोयस?”

मी पुन्हा सगळीकडून बोट फिरवलं. कोरडं होतं. तसं सांगितलं. तरी त्याने चेंगोला आत पाठवलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं.

चार वाजून गेले तेव्हा झुहुरा हलली, एका अंगाला कलली आणि तरंगली. मी रडलो. रागाने रडलो की कशाने, मला माहीत नाही. मामा किनाऱ्यावर हातोडी पुसत बसला होता. मी जवळ जाऊन म्हणालो, उद्या तूही चल, मोठ्या इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर असतो. तो म्हणाला, डॉक्टरसाठी येत नाही, तोटीसाठी येतो.

शुक्रवारी सकाळी निघालो. लाटा होत्या, पण झुहुरा छपराची, वजनदार. झैनाबू गादीवर आडवी, तिमाच्या मांडीवर डोकं. चेंगो सुकाणूवर. इंजिनाच्या खोबणीवरची फळी काढून मामा तिथे पालथा पडला होता, खांद्यापर्यंत हात आत, बोटं नव्याने बसवलेल्या तोटीवर. खाडीभर त्याने हात काढला नाही. मी शेजारी बसलो. पान लावून दिलं. घेतलं.

अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, “पोरीने कुठला नेसलाय?”

“गुलाबी,” मी म्हणालो.

त्याने मान वळवली आणि गादीच्या दिशेने हाक मारली.

“झैनाबू, तू कुठला नेसलायस गं?”